रेघच तर होती

मैत्रिणींनो, शाळेच्या पटांगणात सिस्टर खडूने रस्ता आखायच्या, आठवतं? तुटक रेघ जपून ओलांडायची, अखंड रेघ कधीच नाही. सुनंदा चुकायला लागली की मी तिची सायकल मागून धरायचे.

आज आसगावहून परतताना वळणावर एका गाडीने अखंड रेघ ओलांडून मला मागे टाकलं. समोरून येणारी स्कूटरवाली बाई तिला चुकवताना पडली. हात मोडला बिचारीचा.

गाडीवाला क्षणभर थांबला. मला ओळखून हसला. "मावशी, रेघच तं होती, भिंत थोडी होती?" म्हणाला आणि निघून गेला.

सुनंदा, तो तुझा मुलगा होता. माझ्या गाडीच्या कॅमेऱ्यात सगळं आहे, त्याचं हसणंसुद्धा. मूळ चित्रण पोलिसांना दिलंय. एक प्रत तुला पाठवतेय. दुसरी त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांना. ती मी उद्या स्वतः नेऊन देणार.