उल्केचा पायगुण

नुंगंबाक्कमच्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवते. दरवर्षी एखादी मुलगी विचारतेच, उल्का आदळली म्हणून ज्वालामुखी फुटतो का? चंद्रावरचे काळे डाग म्हणजे गोठलेला लाव्हाच ना, आणि तो उल्कांच्या खड्ड्यांतच कसा?

मी सांगते, दुधावरची साय चमच्याने फोडली म्हणून दूध उतू जात नाही, खाली जाळ लागतो. उल्कांनी चंद्रावर प्रचंड खड्डे पाडले हे खरं, पण त्यांतले बरेचसे लाव्हाने भरले ते कोट्यवधी वर्षांनंतर. आमच्या सह्याद्रीच्या कातळाचंही तसंच. डायनासोर गेले तेव्हाची ती मोठी उल्का पडली, त्याआधीच तिथे लाव्हा वाहत होता. धक्क्याने फार तर त्याचा जोर वाढला असेल, आणि त्यावरही जाणकारांची भांडणं चालूच आहेत. उल्का वरचं कवच तडकवते. आग आधीपासून आत असते.

"मग आज चंद्रावर पडली तर?" यंदा एकीने विचारलं. म्हटलं, आज नुसता खड्डा पडेल. चंद्र खोलवर निवलाय, लाव्हा येणार कुठून?

मुलींनी लिहून घेतलं. माझ्या सासरी हे कोणाला कधी पटवता आलं नाही.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन इथे आले ती मूळच्या तंजावरकडच्या मराठी घरात. सासरे लवकर गेले, तेव्हा थोरल्या दिरांनी शिक्षण सोडून कारकुनी धरली आणि माझा नवरा इंजिनियर झाला. दोघे भाऊ एका छपराखाली राहत, पण एकमेकांशी बोलत नसत. निरोप सासूबाईंमार्फत जात. घरात एकाच तमिळ पेपरच्या दोन प्रती येत, एक थोरल्यांची, एक धाकट्याची. नव्या नवरीला तो शुद्ध वेडेपणा वाटला. मी पेपरवाल्याला सांगितलं, एकच टाकत जा.

दुसऱ्या सकाळी दोघांचे हात त्या एका पेपरवर पडले. मग जे बाहेर आलं त्यात पेपर कुठेच नव्हता. कोणाचं कॉलेज सुटलं, कोण कोणाच्या जिवावर साहेब झाला, सगळं निघालं. महिन्याभरात थोरले बिऱ्हाड घेऊन वेगळे झाले. सासूबाई येईल त्या बाईला सांगू लागल्या, "घर बरं होतं, मा. ही आली, फुटलं. पायगुण, दुसरं काय?"

बाहेरून आलेल्यावर खापर फोडणं फार सोयीचं असतं. मी नवऱ्याकडे बघायचे. तो बूट चढवायचा आणि श्रीपेरुंबुदूरला जाणारी कंपनीची बस गाठायचा.

जाळ आमच्याच घरातला होता, एवढं त्याने एकदा चारचौघांत म्हणावं, बाकी मला काही नको होतं. त्यासाठी मी रडले, भांडले, एकदा वाढलेलं ताट भिरकावलं. त्याने खाली वाकून भात गोळा केला आणि बूट चढवले. पुढे माझं मागणंही बंद झालं.

यंदा थोरल्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि आमंत्रण द्यायला ते स्वतः आले. एग्मोरच्या हॉलमध्ये दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसले. सांबार संपून रसम येईपर्यंत दोघे हसायलाही लागले होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग थोरले मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाले, "विडु डा, जाऊ दे. आपल्या दोघांत होतं काय? एक पेपर."

नवऱ्याने पानावरचा भात पुढे ओढला. "तेच तर. हिला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

दोघांचं जुळलं ते असं, माझ्यावर. शेजारच्या पानांवरचे पाहुणेही हसले.

घरी जाताना ऑटोत त्याने विचारलं, "राग नाही ना आला?"

मी खरंच आत खोलवर शोधून पाहिलं. "नाही," म्हटलं.

"बघ," तो म्हणाला, "आता शहाणी झालीस."