पाऊस नसताना उघडलेली छत्री

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर हैदराबादेतल्या मराठी माणसांत घाबरट असा कुणी उरलाच नव्हता. जो तो लढलेला. आमच्या चिक्कडपल्लीतले एक गृहस्थ तर वर्षभर भूमिगत होते. म्हणजे सोलापूरला, सासुरवाडीत. त्या दिवसांतल्या हालांबद्दल ते बोलायचे, पण तब्येत तिथंच सुधारली होती.

आठ वर्षांनी राज्याचेच तीन तुकडे करायचं ठरलं आणि नोकरदारांच्याही वाटण्या झाल्या. कुणी औरंगाबादला, कुणी गुलबर्ग्याला, कुणी इथंच. तेव्हा आमच्या मराठी मंडळाला एकदम आठवलं की आठवणी लिहून ठेवायच्या राहून गेल्या आहेत. हस्तलिखित अंक काढायचं ठरलं. प्रत एकच, आणि ती मंडळाच्या अध्यक्षांना निरोपाची भेट म्हणून द्यायची, कारण त्यांची नेमणूक औरंगाबादला झाली होती. माझं अक्षर बरं आणि कॉलेजात मराठी घेतलेलं, म्हणून संपादन माझ्याकडे आलं. मी लगेच चष्म्यावरून बघायला लागले.

कॉलेजात आमचे सर सांगायचे, आठवणीतला प्रत्येक तपशील लेखकानं कशासाठी दिलाय हे स्वतःला विचारा. मी विचारायचे, आणि उत्तरही मीच द्यायचे. त्यात लेखकाला त्रास देण्याची गरज मला कधी भासली नाही.

अध्यक्षकाका शाळामास्तर, वडिलांचे लहानपणापासूनचे मित्र. सुलतान बाजारच्या चौकात तिरंगा घेऊन उभे राहिले आणि पकडले गेले. नोकरी गेली (ती पोलीस ॲक्शननंतर परत मिळाली), तुरुंग भोगला. त्यांचं सगळं खरं होतं. ही हकीकत ते दर वर्षी सांगत आणि तीत एक वाक्य हमखास येई: "चौकात गर्दी होती, पण ओळखीचं कोणी नव्हतं." ज्या सुलतान बाजारात दोऱ्याचं रीळ आणायला गेलं तरी तीन मावश्या अडवतात, तिथं म्हणे ओळखीचं कोणी नव्हतं. मला ते साफ लटकं वाटलं. पण अध्यक्षांचं वाक्य खोडण्याइतकी मी धीट नव्हते. हात साफ करायला घरचा लेखक होताच.

वडील महसूल खात्यात कारकून. झेंडा नाही, तुरुंग नाही. शहर पेटलेलं असतानाही ते रोज वेळेवर दफ्तरात. आयुष्यभर उर्दूत पंचनामे लिहिलेले, त्यामुळे त्यांचा लेखही पंचनाम्यासारखाच. काका पकडले गेले त्याच दिवसाचा. सकाळी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली. संध्याकाळी बेगम बाजारातून गूळ आणायचा होता. चपलेचा अंगठा तुटला होता. थंडीचे दिवस होते. आणि मग: "चौकाशी आलो. पाऊस नव्हता, ऊनही चढलं नव्हतं, तरी मी छत्री उघडली, ती दफ्तर येईपर्यंत मिटली नाही."

ती काळी छत्री वडील बाराही महिने काठीसारखी बाळगत. आईनं तिला लावलेलं खाकी ठिगळ सगळ्या ओळखीपाळखीच्यांना पाठ होतं. पण पाऊस नव्हता, तर छत्री सांगायची कशाला? मी ती खोडली. चप्पल खोडली, गूळ खोडला. अंबाडी मात्र ठेवली. तिच्यामुळे म्हणे वातावरणनिर्मिती होते. वडील पलीकडच्या खोलीत बसले होते. उठून त्यांना विचारावं असं मला वाटलं नाही.

अंक काकांकडे गेला. मग वडील रोज संध्याकाळी विचारू लागले, त्यानं वाचलं का. पन्नाशीत लेखक झालेल्या माणसाची हौस म्हणून मी गालातल्या गालात हसायचे. निघायच्या आदल्या दिवशी काका आमच्याकडे जेवायला आले. काकांनी माझ्या अक्षराची तारीफ केली, लेखातल्या अंबाडीचीही केली, वडिलांकडे थोडा वेळ बघत राहिले आणि उठले. वडील त्यांना सोडायला दारापर्यंतही गेले नाहीत.

"माफ नाही केलं त्यानं," काका गेल्यावर वडील म्हणाले. "हौ, बरोबरच आहे त्याचं."

मी विचारलं, कशाबद्दल.

"छत्रीबद्दल. त्यानं बघून नुसती हाक मारली असती तरी माझी नोकरी गेली असती. म्हणून तोंड लपवलं. आठ वर्षं सांगायचं होतं त्याला. तोंडानं जमेना, म्हणून लिहिलं."

ते वाक्य मी खोडल्याचं मला सांगावं लागलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "तुला फालतू वाटलं असेल." मला भयंकर लाज वाटली. ती अजूनही वाटते.

दुसऱ्या दिवशी काका गेलेसुद्धा. मी वडिलांचं वाक्य एकही शब्द न सुधारता पत्रात उतरवलं, ते कुणी खोडलं हेही लिहिलं, आणि पत्र औरंगाबादला टाकलं.

पंधरा दिवसांनी वडिलांच्या नावानं कार्ड आलं. संपादकाची सवय, आधी मीच वाचलं. काकांनी लिहिलं होतं, "लॉरीत चढवत होते तेव्हा ते खाकी ठिगळ मला दिसलं होतं. तू स्वतः सांगेपर्यंत मी कुणाला सांगणार नव्हतो. इकडे सध्या पाऊस नाही, ऊनही नाही. तरी छत्री घेऊन ये."

काकांचं ते दर वर्षीचं लटकं वाक्य कुणासाठी होतं, ते मला तेव्हा कळलं.

वडिलांनी कार्ड दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि छत्री कुठं ठेवलीय म्हणून आईला विचारलं.