बायसाल-बाइकेंचे कान

नारीन शहराजवळच्या, हिमकडे कोसळल्याची नोंद ठेवणाऱ्या एका हिमकेंद्रात आकडेमोड करणाऱ्या बुरुलचाला नसत्या चौकशांची खोड होती. दुसऱ्या कुणाला आकडे जुळले नाहीत की चैन पडत नाही. हिला यंदा सगळे जुळले म्हणून चैन पडेना.

तीन हिवाळे घाटावरचे पहारेकरी बायसाल-बाइके (बाइके म्हणजे थोरले भाऊ) आवाज ऐकून वहीत लिहीत होते, ‘हिमकडा पूर्वेला कोसळला’, आणि तिचं आवाज टिपणारं यंत्र म्हणत होतं, पश्चिमेला. म्हाताऱ्याचे कान गेले असं ठरवून साहेबांनी तंबीच दिली होती, पुन्हा चुकलात तर घरी बसा. चौथ्या हिवाळ्यात एकही चूक नाही. साठीनंतर कान सुधारतात कसे? ती जीप काढून घाटावर गेली.

“बाइके, बंदूक घ्या आणि पूर्वेच्या टेकाडावरून एक बार काढा.”

“का गं, लांडगा दिसला?”

“माझ्याच यंत्रात असेल. जा तर खरं!”

बार झाला. चौकीतल्या पडद्यावर उमटलं, पश्चिम.

बुरुलचाने यंत्राचा प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ तपासली. प्रोग्राम तिनेच लिहिलेला. चार मायक्रोफोनांपैकी आवाज आधी कुठे पोचला, हे संमिश्र संख्यांच्या काल्पनिक भागावरून कळायचं. मॅट्रिक्सच्या ओळींचे रकाने करण्यापुरतीच आज्ञा तिने दिली होती; ती आज्ञा जाता जाता काल्पनिक भागाचं चिन्हही उलटं करत होती, म्हणून पूर्वेचं पश्चिम होत होतं. जेवणाच्या दस्तरखानावरचा नान नुसता फिरव म्हणावं आणि कुणी तो पालथा घालावा, तसं. अशुभ मानलेल्या पालथ्या नानावरून आईचा मार खाल्लेल्या बाईला चार वर्षं हे दिसू नये! तिला स्वतःचीच लाज वाटली. ती आज्ञा म्हणजे एक अवतरणखूण; नुसतं फिरवायचं तर त्या खुणेआधी एक टिंब लागतं. ते तिने दिलं आणि पुन्हा बार काढायला लावला.

पूर्व.

“कान तुमचेच बरोबर होते, बाइके. मग यंदा जुळलं कसं?”

टेकाडावरून परतलेल्या बाइकेंनी बंदूक कोपऱ्यात ठेवली. “आधी पडद्यावर बघायचो, मग वहीत लिहायचो. नोकरी टिकवायची होती. आणि पुढे पुढे वाटायला लागलं, मीच उलटं ऐकतोय.”

“पण खरं काय ऐकलंत?”

“ऐकणंच सोडलं होतं, पोरी.”

तेवढ्यात डोंगरात काहीतरी गडगडत खाली आलं. बाइकेंचा हात पूर्वेकडे उठला, अर्ध्यावर थांबला, आणि त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

बुरुलचाने पडदा बंद केला. “आता सांगा.”