डिपॉझिटला आठ हजार कमी

यांचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा पेणहून पनवेलला जाताना अॅम्ब्युलन्समध्येच मी गणपतीला नवस बोलले, "हे बरे होऊ देत, तुला चांदीचं अपेंडिक्स वाहीन!" शेजारी आमच्या रोह्याच्या वन्सं बसल्या होत्या. म्हणाल्या, "वहिनी, देव थांबेल. हॉस्पिटल डिपॉझिटसाठी थांबायचं नाय!"

त्या एका ऑपरेशनचे किस्से आमच्याकडे इतके साठलेत, की पाहुणे आले की चहाच्या आधी तेच बाहेर येतात. पोट कधीच बरं झालं, किस्से मात्र वाढतायत.

*

डॉक्टर म्हणाले, तासाभरात पोट उघडायला हवं. खिडकीवरची मुलगी म्हणाली, आधी चाळीस हजार भरा. माझ्याकडे होते वीस!

आमच्या भजनी मंडळाने नव्या पेटीसाठी बारा हजार साठवले होते. खजिनदार कुंदाताईंना फोन केला. मीटिंग नाही, ठराव नाही, पैसे लगेच मोबाइलवर आले.

पुढे वर्षभर आम्ही नुसत्या टाळांवर भजन केलं. हे समोर येऊन बसले की कुंदाताई म्हणायच्या, "भावोजी, एक ढेकर द्या बघू. आमची पेटी तुमच्या पोटात हाय, सूर तरी मिळू दे!"

*

हे गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. केसाएवढी रेघ चुकली तरी यांना जेवण जात नाही.

तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना यांनी मान उचलून टाके पाहिले आणि सर्जनना म्हणाले, "डॉक्टर, रेघ वाकडी गेली. अशा कामाचे आमचा शेठ पैसे कापतो!"

मी पदर तोंडाला लावला. बिल अजून व्हायचं होतं ना!

डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आलं. डॉक्टरांनी आपल्या व्हिजिटची फी स्वतःच्या हाताने खोडली होती. पुढे पेनाने लिहिलं होतं, "रेघ वाकडी."

*

नवस फेडायला सोनाराकडे गेले. तो म्हणाला, "चांदीचे डोळे हायत, पाय हायत, पाळणासुद्धा हाय. हे अपेंडिक्स दिसतं कसं?"

मी करंगळी वाकवून दाखवली. त्याने मन लावून घडवलं.

देवळात पुजारीकाकांनी ती वस्तू दोनदा उलटीसुलटी करून पाहिली. मग हळूच विचारलं, "वहिनी, यंदा मिरची लावलीत का?"

*

आता त्या राहिलेल्या आठ हजारांचं सांगते.

खिडकीपाशी मी पर्स उलटी करून सुटे पैसे चाचपत होते. हे स्ट्रेचरवर कण्हत होते. माझ्या मागे रोह्याकडच्या खांब गावची एक शेतकरीण उभी होती. तिच्या सासूचं खुब्याचं ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, त्यामुळे घरून आणलेले पैसे पिशवीत तसेच होते. तिने माझ्या खांद्यावरून हात घालून नोटा आत सरकवल्या आणि त्या मुलीला दरडावलं, "घे गो! हिच्या माणसाला आधी आत ने."

दिवाळीनंतर पैसे जमले तेव्हा मी आणि वन्सं खांबला गेलो. ती अंगणात वाल पाखडत होती. मी पाकीट पुढे केलं, तिने सूप काही खाली ठेवलं नाही.

"माझी सासू चालते, तुझा माणूस चालतो. मग हे कशाला आणलंस? खिडकीपाशी अशीच कोण पर्स उलटी करताना दिसली, तर तिला दे."

"पण तुमचं नाव काय सांगू?"

"नाव नको गो बाय!" तिने घराच्या दाराकडे बघत आवाज खाली आणला. "आमच्या माणसाला मी सांगितलंय, ते पैसे हॉस्पिटलानं घेतले!"

ते पाकीट त्यानंतर दोनदा खिडकीतून आत गेलंय, एकदा पेणला, एकदा रोह्याला, आणि दोन्ही वेळा परत आलंय. आता पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. तुम्हीही ठेवा ना असं एक, जमेल तेवढ्याचं. घरी काय सांगायचं ते आपलं आपण बघू!