नालेचे खिळे

लग्न होऊन मी त्या वस्तीवर आले तेव्हा माझा नवरा तिथं मास्तर होता. शाळेतला नव्हे, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या देवळातला. फादर राहायचे दौंडला आणि त्यांच्याकडे भीमेच्या दोन्ही अंगांची गावं. एकटा माणूस कुठं कुठं पुरणार? म्हणून मिशननं गावोगावी एकेक मास्तर पगारावर ठेवला होता. संध्याकाळची प्रार्थना चालवायची, पोरांना धर्म शिकवायचा, आजाऱ्याजवळ बसायचं, फादर आले नाहीत तर मयताला माती द्यायची. पगार एकाचा आणि काम दोघांचं. बायकांकडचं सगळं माझ्याकडे होतं. सगळ्या वस्तीनं मला पहिल्या दिवसापासून मास्तरीणबाई केलं. माझ्या आईच्या वयाच्या बायकाही तसंच म्हणायच्या आणि मला लाज वाटायची.

मास्तरावर कमिटी होती. आमच्याच लोकांतली पाच वयस्क माणसं फादरनी निवडलेली. देवळाचा पत्रा उडाला तर बघायचं, भांडणं मिटवायची आणि मास्तर नीट काम करतो की नाही त्यावर नजर ठेवायची. कमिटीनं फादरच्या कानावर काही घातलं की मास्तराची बदली, नाहीतर सुट्टीच. म्हणून आमच्या घरात मीठ जास्त पडलं तरी चालायचं, पण कमिटीला काय वाटेल याचा विचार आधी व्हायचा. कमिटीचे मुख्य होते आबा. अंगानं वाळकुडे, एका डोळ्यात फूल पडलेलं, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्या हळू आवाजाचीच मला धास्ती होती.

आमची वस्ती शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईच्या खालच्या अंगाला, नदीलगत. दौंडला जायचं म्हणजे होडीनं पैलतीर गाठायचा, तिथून खुटबावच्या स्टेशनापर्यंत चालायचं आणि मग गाडी. महिन्यातून एकदा सगळे मास्तर फादरकडे जमत. त्या भाद्रपदात माझा नवरा असाच गेला आणि वर घाटमाथ्यावर पाऊस झाला असावा, नदी फुगली. होडीवाल्यानं होडी ओढून बाभळीला बांधून टाकली.

मला तेव्हा सातवा महिना होता. आमच्या शेजारच्या घरातली सूनही दिवसांतली होती, माझ्या पुढं दोन महिने. तिचा नवरा दौंडला रेल्वेत गँगमन, आठवड्याला घरी यायचा. घरात ती आणि सासू. आम्ही दोघी बरोबर धुणं न्यायचो. ती खूप हसायची. माझं पोट बघून म्हणायची, "तुमचं पोर पाद्री हुनार बगा, किती गप बसतंय!" मला सासू नव्हती, आई लांब संगमनेरकडं. बाळंतपणातलं जे काही विचारायचं ते मी तिला विचारायची. तिलाही काही ठाऊक नसायचं. मग दोघी हसायचो.

नदी फुगली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. रात्रभर सुईण होती. पहाटे मुलगी झाली, बारीकशी पण रडली. मला बोलावणं आलं तेव्हा मी आनंदानं गेले, आणि दारातच थांबले. सुईण गोधडीवर गोधडी दाबत होती आणि रक्त थांबत नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. ओळखलं की नाही ते मला सांगता येणार नाही. तिचे ओठ पांढरे झाले होते. मी उशाशी बसून प्रार्थना म्हणू लागले, पण शब्द येईनात, मधलेच विसरले. उजाडलं तोवर सगळं संपलं होतं.

मी घरी आले, दार लावलं आणि चुलीपुढं बसले. पोटात बाळ हललं. एरवी ते हललं की मला बरं वाटायचं. त्या सकाळी ते नकोसं झालं. मला एवढंच कळत होतं की हे बाहेर यायचंच आहे, आणि येताना मलाही असंच नेणार. ही भीती मी कुणाला सांगणार? नवरा नदीपलीकडे होता आणि जिला सांगितलं असतं ती शेजारच्या घरात निजवलेली होती.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. आबा होते. मागे कमिटीतले बाकीचे उभे.

"मास्तरीणबाई," आबा म्हणाले, "नदी उतरंस्तोवर मयत ठिवता यायचं न्हाई. आजच माती द्यायची. पुस्तक तुमीच वाचा, वस्तीवर वाचता येनारं दुसरं कुनी न्हाई. पर त्या आदी आमाला थोडं काम हाय. तवर तुमी घरातनं हलू नका. पोटुशी बाईनं बगू नये."

"कसलं काम?"

आबांनी मुठीतलं फडकं उलगडलं. बैलांच्या नाला ठोकायचे खिळे होते, नवे, चकाकणारे.

मला समजायला वेळ लागला नाही. आमच्या माहेराकडंही म्हाताऱ्या सांगायच्या. बाळंतीण मेली तर हडळ होते, पोराच्या ओढीनं परत येते. ती चालू नये म्हणून पुरण्याआधी तिच्या टाचांत खिळे ठोकतात. वाटेवर राळ्याचे बारीक दाणे टाकतात, म्हणजे ते वेचता वेचताच तिची रात्र सरते आणि घर गाठता येत नाही. आमचे लोक ख्रिस्ती झाले त्याला दोन पिढ्या झाल्या होत्या, पण ही भीती त्यांच्याबरोबर देवळात आली होती.

"आबा, फादरना हे चालणार नाही," मी म्हणाले.

"फादर दौंडला हाईत." आबा तसेच हळू बोलले. "गावकऱ्यांची मानसं येऊन गेली. खिळं मारल्याबगर वड्याकाठी पुरू देनार न्हाईत म्हनत्यात. त्यांची वाट तिथनंच जाती. आमाला हितं ऱ्हायचंय, बाई. तुमची बदली हुईल, आमची न्हाई."

ते निघून गेले. मी घरातच राहायचं ठरवलं होतं. खरं सांगते, मला जायचं नव्हतं. पण बसल्या जागी मला त्या टाचाच दिसू लागल्या. चार दिवसांपूर्वीच नदीवर दगडानं घासताना पाहिलेल्या. माझ्या कानांनी अजून काहीच ऐकलं नव्हतं, तरी हातोड्याचा आवाज येत होता. तो खरा येईपर्यंत घरात थांबणं मला जमेना. मी उठले आणि गेले.

आत सासू बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती आणि आबा मयताच्या पायाशी उकिडवे बसले होते. बाकीचे बाहेरच. आत यायला त्यांचं धैर्य होत नव्हतं. मी काही बोलायला म्हणून पुढं झाले आणि माझे पाय लटपटले. मी धपकन खाली बसले ती नेमकी तिच्या पायांशी, आबांच्या समोर. आधार घ्यायला हात टेकला तो तिच्या घोट्यावर पडला. घोटा थंड होता. मी ओरडणारच होते. पण हात काढला तर आबा खिळा लावतील असं वाटलं आणि मी हात काढला नाही. दुसराही ठेवला.

"बाजूला व्हा," आबा म्हणाले.

मी मान हलवली.

"बाई, आमी काय हौसंनं करतोय का?"

"आबा, दोन महिन्यांनी मी मेले, तर मलाही माराल का?"

त्यांचा फूल पडलेला डोळा तसाच राहिला आणि दुसऱ्यातून पाणी आलं. बाहेरून कुणीतरी विचारलं, "झालं का?"

तेव्हा सासू बोलली. खिळ्यांची गोष्ट आधी तिनंच काढली होती असं मला नंतर कळलं. ती बाळाकडं बघत म्हणाली, "आली तर कशाला यील? लेकराला पाजायलाच यील न्हवं? यिऊ द्या की."

आबांनी खिळे पुन्हा फडक्यात बांधले आणि कोपरीच्या खिशात घातले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "राळं तर टाकू द्या. त्याला न्हाई म्हनू नका." मी नाही म्हटलं नाही. टाकणार म्हटल्यावर मलाही जरा हायसं वाटलं होतं.

सासूनं आणि मी तिला अंघोळ घातली, लुगडं नेसवलं. दुपार कलल्यावर ओढ्याकाठी नेलं. पोटुशी बाई मयताबरोबर चाललेली त्या वस्तीनं कधी पाहिली नव्हती. बायका तोंडाला पदर लावून दारात उभ्या होत्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला बाभळींखाली गावातली दहाबारा माणसं होती. काहींच्या हातात काठ्या. मी पुस्तक उघडलं, पण अक्षरं हलत होती. आबा त्यांच्याकडं चालत गेले. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. एक दांडगा माणूस आमच्याकडं बोट करून काही विचारत होता. आबांनी मान डोलावली, पुन्हा डोलावली. माणसं तिथंच थांबली, खाली आली नाहीत. मी वाचून संपवलं. कुठल्या ओळी गाळल्या असतील ते त्या देवालाच ठाऊक.

परत येताना आबा माझ्या जवळून चालले. "मारलं म्हनून सांगितलं त्यांना, आपल्या कमिटीलाबी," ते पुटपुटले. "आता ह्ये आपल्या तिघांतच ऱ्हाऊ द्या."

तिसऱ्या दिवशी नदी उतरली. माझा नवरा आणि तिचा नवरा एकाच होडीतून आले. एकाला मी सगळं सांगितलं, दुसऱ्याला काय सांगायचं ते त्याच्या आईनं सांगितलं. माझा नवरा ऐकता ऐकता पांढराफटक पडला. "कमिटीच्या विरोधात गेलीस?" एवढंच म्हणाला, आणि मग बराच वेळ माझा हात धरून बसला.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. संध्याकाळी दाराची कडी मी दोनदोनदा बघायची. तिची भीती मला वाटत नव्हती असं नाही. वाटत होती. शेजारी ते बाळ रडून एकदम गप झालं की वाटायचं, आली. आणि त्याहून मोठी भीती म्हणजे गावाला कळलं तर ते तिला उकरून काढतील. त्यातच गावातल्या एका शेतकऱ्याचा बैल ओढ्यापाशी पाय मुडपून पडला आणि मेला. साप चावला असेल, पण बोट ओढ्याकडं गेलं. माणसं आबांच्या दारात आली. "खिळं मारलं व्हतं न्हवं?" आबा म्हणाले, "व्हय, मारलं." मी आमच्या दाराच्या फटीतून बघत होते.

ही खिळ्यांची बातमी फिरत फिरत दौंडला पोचली आणि फादर आले. ते परदेशी होते. मराठी छान बोलायचे, पण राग आला की अडखळायचे. देवळात सगळी वस्ती जमली. फादरनी आबांना उभं केलं आणि विचारलं, "ख्रिस्ती माणसाच्या देहात तुम्ही खिळे मारले?"

आबा नाही म्हणाले तर ते संध्याकाळच्या आत गावात जाणार होतं. कमिटीतला एक जण रोज गावात बसाउठायचा.

"मारलं, फादर," आबा म्हणाले.

फादरनी त्यांना तिथल्या तिथं कमिटीवरून काढलं. पुढच्या फेरीपर्यंत देवळात मागे बसायचं, असंही सांगितलं. आबा मान खाली घालून मागे जाऊन बसले. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. आत्ता नको.

दुपारी फादरना नदीवर पोचवायला आम्ही दोघं गेलो. होडीवाला पैलतीरी होता. तिथं, कुणी आसपास नाही हे बघून, मी सांगितलं. सगळं सांगितलं, राळ्यांचंही. फादर झगा सावरून दगडावर बसले.

"मी त्यांना परत घेतो," ते म्हणाले. "आत्ता जातो आणि सांगतो."

"नको, फादर," माझा नवरा म्हणाला. त्यानं फादरना 'नको' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "घेतलंत तर गाव विचारील का घेतलं."

होडी आली तरी फादर उठले नाहीत. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही बाळंतपणाला दौंडला या. इथं राहू नका." आणि गेले.

मी महिनाभर आधीच दौंडला गेले, एका रेल्वेवाल्या कुटुंबाच्या घरी राहिले आणि दवाखान्यात बाळंत झाले. मुलगा झाला. कळा सुरू झाल्यापासून ते त्याचा आवाज ऐकेपर्यंत मी एकच वाक्य घोकत होते, की मला नेऊ नको. नर्स रागावली, "अहो बाई, सगळ्यांना होतात मुलं!" मी तिला काय सांगणार होते? रक्त थांबलं असं तिनं दोनदा सांगितलं तरी मी तिसऱ्यांदा विचारलं.

परत आले तेव्हा शेजारची मुलगी शेळीच्या दुधावर गुटगुटीत झाली होती. आबा देवळात मागेच बसत होते. शिक्षा कधीच संपली होती, तरी ते पुढं आले नाहीत. फादर मात्र दर फेरीला मिस्सा, म्हणजे देवळातली मोठी उपासना, झाली की आधी आबांच्या घरी जात आणि चहा तिथंच घेत. नव्या कमिटीला ते आवडत नसे. काढून टाकलेल्या माणसाकडं फादर का जातात, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला एकदा विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "फादरना त्यांच्या घरचा चहा आवडतो."

पुढच्या वर्षी आमची बदली न्हावऱ्याकडं झाली, आबा म्हणाले होते तशी.