दचकलेला मालक

चिंचवडच्या गावठाणात दिवाळीच्या किल्ल्यांसाठी बोटभर मावळे करणारा एक कारागीर होता. खारीच्या केसांचा कुंचला धरून तो मातीच्या मावळ्यालाच दम द्यायचा, "हलू नगंस राव, डोळा बिघडंल." मी कामगारांसाठी छापलेली पत्रकं तो कुंचला पुसायला घ्यायचा. "अक्षरं लई हायती, पर एक बी बघत न्हाई," म्हणायचा.

त्याचा एकच नियम होता. बुबुळ वरच्या पापणीखाली थोडं दडलं पाहिजे. सगळं गोल दिसलं की माणूस दचकलेला वाटतो.

नव्या कारखान्याच्या मालकांनी दसऱ्यासाठी त्याला हातभर मातीच्या पुतळ्यांचा देखावा सांगितला: मधोमध स्वतः मालक, भोवती कामगार. संघटना काढली म्हणून सहा जणांना त्यांनी नुकतंच हाकललं होतं. मॅनेजरने बजावलं, "कामगारांच्या नजरा खाली हव्यात. नाहीतर पुढचं काम विसर."

हे काम नाकार, असं मी त्याला तासभर सांगितलं. तो "व्हय" म्हणाला आणि तरी त्याने काम घेतलं. मी त्याला लाचार म्हणालो.

दसऱ्याला फाटकाशी गर्दी जमली. कामगारांच्या नजरा हुकमाप्रमाणे खाली होत्या. मालकांची बुबुळं मात्र पूर्ण गोल होती. आधी एकजण हसला, मग सगळी गर्दी.

"हे काय केलंस?" मॅनेजर ओरडला.

"सायेबच हलले. मी काय करू?"

कारखान्याचं काम कायमचं गेलं. दुसऱ्या दिवशी मी आपणहून पत्रकांचा गठ्ठा त्याच्याकडे नेला. कुंचला पुसायला.