पारुबाईच्या बॉयलरचा पत्ता

९ डिसेंबर २०२४ रोजी पारुबाई जगन आडे यांनी हळद शिजवायच्या नव्या बॉयलरसाठी वसमतच्या एका कारखानदाराकडे ४२,५०० रुपये विसार भरला. बॉयलरची किंमत दोन लाख चाळीस हजार. बाकी रक्कम १० फेब्रुवारीपर्यंत भरली नाही तर विसार बुडाला, असे पावतीच्या मागे लिहून दोघांच्या सह्या होत्या. एक सही कारखानदाराची आणि एक अंगठ्याइतकी जाड, सावकाश काढलेली पारुबाईंची.

तिसऱ्या दिवशी त्या आमच्या सरकारी उद्योग कार्यालयात आल्या. दारावरच फलक होता : महिला उद्योजक धोरण, पंधरा दिवसांत कर्ज. फलक वाचून माणूस आत येतो, हे फलक लावणाऱ्यांच्या ध्यानात आलेले नसावे, कारण आत कोणीच तयारीत नव्हते. बाईंना लेखापालाच्या टेबलाकडे, म्हणजे माझ्याकडे पाठवण्यात आले.

पारुबाई वारंगा फाट्याजवळच्या बंजारा तांड्यावर राहतात. सहा वर्षे त्यांनी दुसऱ्याचा बॉयलर निम्म्या हिश्शाने चालवला. चार ड्रमचा तो सांगाडा ट्रॅक्टरला जोडून वावरात न्यायचा, खणलेली हळद तिथेच वाफेवर शिजवायची आणि पुढच्या वावराकडे निघायचे. जानेवारीअखेर ते एप्रिल, एवढाच हंगाम. ट्रॅक्टर नवरा चालवतो. दर ठरवणे, जळण, मजूर आणि नंबर लावणे बाईंकडे. कोणाच्या वावरात कोणत्या दिवशी बॉयलर जाणार, तो नंबर. त्यावरून भावाभावांत काठ्या निघतात. साठ शेतकऱ्यांचे नंबर त्यांच्या डोक्यात असतात. मी एकदा ते कागदावर उतरवून पडताळले. एक चूक निघाली, ती माझी होती.

अर्ज मी भरून दिला. ‘व्यवसायाचे ठिकाण’ या रकान्यात मी ‘फिरते’ असे लिहिले. खरे तेच लिहायचे ही सवय. कोणा अनुभवी दलालाने भरला असता तर घराशेजारची मोकळी जागा दाखवली असती आणि अर्ज बिनबोभाट पुढे गेला असता.

नियमाप्रमाणे जागा, जागेवर पाटी आणि पाटीशेजारी बाई, असा फोटो लागतो. आमचे निरीक्षक शिवप्रसाद तो काढायला तांड्यावर गेले.

“जागा कुठंय?”

“कुरुंद्याला, जवळा बाजारला. जिथं हळद निघंल तिथं,” पारुबाई म्हणाल्या.

“एक सांगा.”

“एक सांगितली तर बाकीच्यायची हळद काय कच्ची ठिवू?”

शिवप्रसाद नवऱ्याकडे वळले. “तुम्ही मालक ना? तुम्हीच सांगा.”

“मालकीण ही हाय,” जगन म्हणाला. “मी डायवर. मला बी तीच सांगती कुठं जायचं ते.”

“आमचे आजे बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरले, साहेब,” बाई म्हणाल्या. “त्यायला कोणी पत्ता नव्हता इचारला. मीठ बराबर पोचायचं.”

शिवप्रसादांनी लिंबाच्या झाडाचा फोटो काढला आणि शेरा मारला : व्यवसायाची जागा आढळली नाही.

त्याच आठवड्यात अमृतरावांचे प्रकरण अकरा दिवसांत मंजूर झाले. त्यांचे पाइपांचे दुकान वीस वर्षे त्यांच्याच नावाने चालते. योजना आल्यावर पेंटर बोलावून पाटीवर पत्नीचे नाव घातले. जनकाबाई दुकानाची पायरी चढल्या त्या फोटोपुरत्या. जागा होती, पाटी होती, बाई होती. धोरणाला आणखी काय पाहिजे?

२१ जानेवारीला धोरण सुधारण्यासाठी महिला उद्योजकांची मते घेण्याची बैठक भरली. मुंबईहून दोन सल्लागार आले. व्यासपीठावर सात खुर्च्या, सातही पुरुष. उद्योजक म्हणून बावीस बायका, त्यांच्याशेजारी एकोणीस नवरे. एका सल्लागाराने जनकाबाईंना विचारले, “ताई, वर्षाची उलाढाल किती?” जनकाबाईंनी अमृतरावांकडे पाहिले. अमृतराव उभे राहून म्हणाले, “आमची चोवीस लाख आहे.” टाळ्या झाल्या.

मग पारुबाई उठल्या. “साहेब, त्या कागदात जागा इचारतेत, ती ओळ काढा. मशीन वावरावावरानं फिरून राहिलं. हळद काही माझ्या दारी चालत येत न्हाई.”

“म्हणजे तुम्हाला शेड पाहिजे,” सल्लागार म्हणाला.

“शेड नको.”

“छोटी चालेल?”

“अहो, न्हाईच पाहिजे! शेडमधी बसले तर शिजवू काय, खुर्च्या?”

बायका हसल्या. सल्लागारही हसला आणि त्याने लिहून घेतले. पुढे इतिवृत्त माझ्याकडे खर्चाच्या अंदाजासाठी आले. मुद्दा चौथा : ग्रामीण महिलांची शेडची तीव्र मागणी. शहराबाहेर वीस गाळे प्रस्तावित. ज्या बाईने दोन वेळा नको म्हटले, तिच्या नावावर वीस गाळे. एक ओळ खोडायला पेन पुरले असते. पण पेनाची निविदा निघत नाही.

२९ जानेवारीला पारुबाई परत आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

“भाऊसाहेब, व्हनार का न्हाई? खरं सांगा.”

“दहा तारखेच्या आत नाही होणार.”

“मंग हे डिसेंबरातच काहून न्हाई सांगितलं? दीड महिना हेलपाटे मारले म्या.”

मी फाइल बंद केली. त्या उत्तराला थांबल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे केले, ते आमच्या एकाही परिपत्रकात नाही. त्यांनी नंबर विकायला काढले. जो आधी पैसे देईल त्याचा नंबर आधी, आणि दर एकरी साडेचार हजारांऐवजी चार हजार. पुरुषांकडे त्या गेल्याच नाहीत. बॉयलर उशिरा आला तर खणलेल्या हळदीच्या ढिगाशी मजूर धरून बसावे लागते ते घरच्या बाईला, हे त्यांना ठाऊक होते. कुरुंद्याला हळद लावणाऱ्या नर्मदाबाईंच्या ओट्यावर बसून त्यांनी पहिल्या सहा एकरांचे नंबर विकले. नर्मदाबाईंचा मुलगा म्हणाला, “मावशी, मशीन तर अजून कारखान्यात हाय. पैसे घेऊन पळून गेल्या तर?”

“पळून कुठं जाते? ट्रॅक्टर तुझ्या मामाचा भाड्यानं घेतलाय. त्यो टाकतो तेवढ्या डिझेलवर मी फाट्याच्या म्होरं जात न्हाई.”

नर्मदाबाईंनी चोवीस हजार आणून पदरात घातले. ८ फेब्रुवारीपर्यंत पन्नास एकर झाले, म्हणजे दोन लाख. ९ तारखेला एक लाख सत्त्याण्णव हजार पाचशे भरून पारुबाईंनी बॉयलर ताब्यात घेतला. उरलेल्या अडीच हजारांत जळण. पहिला ड्रम नर्मदाबाईंच्या वावरात चढला.

हिशोब सरळ आहे. पन्नास एकरांवर पाचशेची सूट, म्हणजे पंचवीस हजार. महिला उद्योजकाला आम्ही केलेल्या मदतीची ही किंमत, आणि ती तिने स्वतः भरली.

मार्चअखेरच्या अहवालात पारुबाईंचा बॉयलरसह फोटो छापला आहे. खाली ओळ : कार्यालयाच्या मार्गदर्शनातून उभी राहिलेली यशोगाथा. मी हरकतीची टिपणी लिहिली. ती ‘नोंद घेतली’ एवढ्या शेऱ्याने परत आली. फोटो काढायलाही शिवप्रसादच गेले होते. या वेळी त्यांना जागा सापडली. धूर बघत गेले.

गाळ्यांच्या पायाभरणीचे निमंत्रण पारुबाईंना पाठवले गेले. त्या आल्या नाहीत. त्या दिवशी जवळा बाजारला नंबर होता.

२१ जानेवारीच्या बैठकीला आलेल्या प्रत्येक बाईला प्रवासभत्ता मंजूर आहे. पारुबाईंचे एकशे ऐंशी रुपये कार्यालयाकडून अजून देणे आहेत.